प्रिंट विकली की लोक स्कॅन मारून कॉप्या काढतात, कॉपी न होणारा पेपर वगैरे काही असतो का?

घाटमाथा_सातारा:

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, नोकरी सांभाळून फोटोग्राफी करतो. कासची फुलं, सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, सगळा आपल्या भागातलाच माल. प्रदर्शनात स्टॉल लावून आणि ओळखीपाळखीतून प्रिंट विकतो, १२ बाय १८ आणि २० बाय ३०, लस्टर म्हणजे अर्धवट चमकणाऱ्या पेपरवर, माउंट करून. मोठा धंदा नाही पण लेन्सचा हप्ता निघतो.

आता झालंय असं की एका रिसॉर्टवाल्याने माझ्याकडून कुमुदिनी तळ्याची एक १२ बाय १८ घेतली, एकच, ती पण घासाघीस करून. परवा एक मित्र तिथे राहायला गेला आणि त्याने मला फोटो पाठवले, रिसेप्शनला माझी प्रिंट, आणि वर खोल्याखोल्यांत त्याचीच कॅनव्हासवर कॉपी, रेटकार्डावर पण तोच फोटो! खालच्या कोपऱ्यात माझी सही होती ती बरोबर कापलीय. फोन केला तर म्हणतो पैसे देऊन घेतलाय ना, मग आता आमचा झाला.

तर प्रश्न असे, की असा काही पेपर किंवा लॅमिनेशन येतं का ज्याचा स्कॅन नीट येत नाही? जुन्या लग्नाच्या फोटोंना तो खरखरीत पेपर असायचा तो त्यासाठीच होता म्हणतात ते खरं का? प्रिंटच्या मधोमध वॉटरमार्क टाकला तर घेणार कोण. आणि बिलावर काही लिहून घेतलं तर त्याला अर्थ असतो का नुसतंच समाधान?

---

लॅबवाला_कोल्हापूर:

लॅब चालवतो म्हणून स्पष्ट सांगतो, कॉपी न होणारा पेपर नसतो. डोळ्याला जे दिसतं ते कॅमेऱ्याला दिसतं, विषय संपला. त्रास किती वाढवायचा एवढंच आपल्या हातात.

त्या खरखरीत, म्हणजे सिल्क पेपरचं म्हणाल तर हो, त्याच्यावर बारीक उठावदार जाळी असते, स्कॅनरचा लाईट जवळून आणि तिरका पडतो त्यामुळे प्रत्येक उंचवट्यावर चमक येते आणि सगळ्या स्कॅनवर ठिपके ठिपके दिसतात. घरगुती स्कॅनरला त्रास होतो हे खरंय. पण ती जाळी एकसारखी असते आणि एकसारखा पॅटर्न काढून टाकणारे फिल्टर आता पोराटोरांना माहिती आहेत. शिवाय तुमचे फोटो कासचे, म्हणजे हजारो बारीक फुलं, सिल्कवर छापले की तीच बारीकी मरते, म्हणजे चोराला थोडा त्रास देण्यासाठी प्रामाणिक गिऱ्हाईकाला खराब माल द्यायचा. मी तरी नको म्हणेन. लॅमिनेशनने तर काहीच होत नाही, काचेची फ्रेमसुद्धा खिडकीपासून जरा तिरकी धरली की फोटो निघतो.

मोठा साईज विकला तर वाचतो असंही समजू नका. ए४ स्कॅनरवर १२ बाय १८ बसत नाही पण तुकड्या तुकड्यात स्कॅन करून जोडता येते, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल मिळतात, म्हणजे १९ मेगापिक्सेलची फाईल झाली की हो तयार. रिसॉर्टच्या खोलीतल्या कॅनव्हासला त्याच्या निम्म्यातही भागतं, कॅनव्हासचं विणकामच सगळं झाकून घेतं.

पण आता मुद्द्याचं. आमच्याकडे जे चोरीचे फोटो छपाईला येतात (येतात, खोटं कशाला बोलू, विचारलं की म्हणतात मित्राचा आहे) त्यातले बहुतेक प्रिंटवरून काढलेले नसतातच, मूळ फाईलच असते. कुठून येते? फोटोग्राफरने स्वतःच पाठवलेली असते. गिऱ्हाईक म्हणतं व्हॉट्सॲपवर नमुना पाठवा, आपण पाठवतो, मग ते म्हणतं क्लिअर दिसत नाही डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि आपण ते पण पाठवतो. डॉक्युमेंट म्हणून गेली की फाईल जशीच्या तशी गेली. किंवा ड्राईव्हची लिंक, जी वर्षभर उघडीच राहते. किंवा मग लॅब! सगळ्या लॅबचं सांगत नाही, पण डेस्कटॉपवर तारखेचा फोल्डर असतो आणि त्यात तालुक्यातल्या निम्म्या फोटोग्राफरांच्या फाईली पडून असतात, येणारा जाणारा पेनड्राईव्ह लावतोय. म्हणून लॅबला द्यायची ती त्या साईजची, शार्पन केलेली, फायनल क्रॉप केलेली फाईलच द्या, मूळ पूर्ण रिझोल्यूशनची नको, आणि प्रिंट घेऊन निघताना समोर डिलीट करायला लावा, लाजायचं काही कारण नाही.

तुमच्या केसमध्ये ती कॅनव्हास जवळून कशी दिसते? फुलांच्या कडा मऊ झाल्यात की कडक आहेत? कडक असतील तर स्कॅन नाही, फाईल गेलीय कुठूनतरी.

---

पिक्सेलपंत:

नोटांवर ती पाच छोट्या गोलांची नक्षी असते ना, बऱ्याच देशांच्या नोटांवर आहे, ती दिसली की कलर झेरॉक्स मशीन कॉपी काढायलाच नकार देते. फोटोशॉप पण नोट उघडत नाही. ती नक्षी फुलांमध्ये लपवून टाका, कासच्या पठारावर कोणाला दिसतेय 😄

---

लॅबवाला_कोल्हापूर:

@पिक्सेलपंत मोबाईलच्या कॅमेऱ्याला ती नक्षी कळत नाही. आणि माझंच प्रिंटिंग सॉफ्टवेअर अडलं तर मी फाईल परत पाठवणार. मार्कशीटला असतं तसलं, झेरॉक्स काढली की अक्षरं उमटणारं, ते पण फोटोत चालत नाही, त्याला सपाट फिकट बॅकग्राउंड लागतं.

---

निगेटिव्ह_काका:

मी मिरजेला स्टुडिओ चालवला, आता मुलगा बघतो. तो खरखरीत पेपर कॉपीसाठीच होता असं काही नाही, लोकांना तो भारी वाटायचा आणि बोटांचे ठसे उठत नाहीत म्हणूनही चालायचा, कॉपीला अवघड जातो हा वरचा फायदा. आणि अवघड म्हणजे तरी किती? आमच्याकडे रोज कोणीतरी जुना प्रिंट घेऊन यायचं, आजोबा गेले, एकच फोटो आहे, तोही लग्नाच्या ग्रुपमधला, हार घालायला मोठा करून द्या. स्टँडवर प्रिंट लावायची, वर काच, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात दिवे, दिव्यांवर आणि लेन्सवर चमक मारणारा पोलरायझर लावून लेन्सवरचा फिरवला की दाणा बराचसा जायचा. मग डोक्याभोवतीची माणसं ब्रशने घालवायची. हे सगळं कोण करायचं, तर आम्हीच! दुसऱ्या स्टुडिओचा शिक्का पाठीवर असला तरी करायचो, कोणी विचारत नव्हतं.

आमचं खरं कुलूप म्हणजे निगेटिव्ह. गिऱ्हाइकाला प्रिंट द्यायची, निगेटिव्ह पाकिटात घालून नंबर टाकून आपल्या कपाटात. जास्तीच्या कॉप्या पाहिजेत तर आमच्याकडेच यावं लागायचं, आणि लग्नाच्या ऑर्डरपेक्षा नंतरच्या रिप्रिंटात पैसा असायचा. स्कॅनर घरोघरी आले आणि ते गेलं. तुमची रॉ फाईल, कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाईल, म्हणजे तेच निगेटिव्ह समजा, ती कोणाला म्हणजे कोणालाच द्यायची नाही.

---

मुक्ता_वकील:

सातारकर दादा, तुमची बाजू भक्कम आहे, सविस्तर लिहिते कारण इथे बऱ्याच जणांचा हाच गोंधळ असतो.

कागद विकला म्हणजे कॉपीराईट विकला असं होत नाही. कॉपीराईट कायदा १९५७ प्रमाणे फोटो हे कलाकृतीत मोडतात आणि त्याची प्रत काढायचा हक्क (कलम १४) फोटो काढणाऱ्याकडे राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो (कलम १९), तोंडी "आता आमचा झाला" म्हणून काही होत नाही. रिसॉर्टवाल्याला काय करता येतं? ती एक प्रिंट भिंतीवर लावता येते, अगदी रिसेप्शनला सगळ्यांना दिसेल अशी, उद्या कंटाळा आला तर विकता पण येते. तिच्यावरून दुसरी काढता येत नाही, रेटकार्डावर छापता येत नाही. सही कापणं हा वेगळा मुद्दा, कलम ५७ खाली लेखक म्हणून तुमचं नाव सांगायचा हक्क तुमच्याकडेच असतो, आणि तो कॉपीराईट विकला तरी राहतो.

रजिस्ट्रेशन नसलं तरी हक्क असतोच, फोटो काढला त्या क्षणापासून. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोंनाही मुदत फोटोग्राफरच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं अशी आहे. रजिस्ट्रेशन केलं तर कोर्टात पुरावा म्हणून सोपं जातं, कलाकृतीची साधी फी ५०० रुपये आहे, तुमचे जे चार-दोन फोटो सगळ्यात जास्त विकले जातात तेवढ्यांचं करून ठेवा, सगळ्यांचं करत बसू नका.

पण नोटीस पाठवायच्या आधी पुरावा गोळा करा, लोक हे उलटं करतात, आधी भांडतात, मग समोरचा भिंती रिकाम्या करतो. मित्राने काढलेले फोटो मूळ फाईलमध्ये जपा, व्हॉट्सॲपवरून आलेले नव्हे कारण त्यातली तारीख वगैरे सगळी माहिती निघून जाते. त्याचं राहण्याचं बिल, छापील रेटकार्डाची एक प्रत, वेबसाईटवर असेल तर स्क्रीनशॉट. डिजिटल पुराव्याला सर्टिफिकेट लागतं, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, आणि योगायोग म्हणजे कॉपीराईट कायद्यातलं शिक्षेचं कलमही ६३च, गोंधळू नका. त्यात ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र धरलाय. म्हणून लगेच पोलीस स्टेशनला पळा असं म्हणत नाहीये मी. नोटिशीत हे कलम असलं की समोरचा फोन उचलतो एवढंच. नोटीस अशी लिहायची की एवढ्या प्रती, एवढ्या दिवसांत काढा किंवा एवढी लायसन्स फी भरा. बहुतेक मिटतं तिथेच. नाही मिटलं तर दावा तुमच्या साताऱ्यात लावता येतो (कलम ६२), त्यांच्या गावी जावं लागत नाही. भरपाईसाठी मुदत तीन वर्षांची असते, तेव्हा बघू नंतर म्हणून ठेवू नका.

---

कॅंडिड_बंड्या:

मॅडम म्हणजे लग्नाच्या फोटोंचा कॉपीराईट पण आमचाच ना? एका पार्टीने माझे फोटो एका मेकअपवालीला दिले आणि ती जाहिरात करतेय त्यावर.

---

मुक्ता_वकील:

@कॅंडिड_बंड्या नाही, तिथे उलटं आहे. कलम १७ मध्ये स्पष्ट आहे, कोणी पैसे देऊन त्याच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला तर वेगळा करार नसेल तर पहिला मालक तोच. सातारकरांनी कास स्वतःहून काढलं, म्हणून त्यांचं. तुम्हाला ऑर्डर दिली, म्हणून पार्टीचं. बुकिंग फॉर्मवर एक ओळ टाकून हे बदलता येतं, ती टाका. आणि इन्स्टावर टाकायची परवानगी पण त्याच फॉर्मवर घ्या, नवरा-नवरीची सही घ्या, मामाची नको.

---

रंगरेषा_मुंबई:

मी एका गॅलरीत काम करते, जरा वेगळं बोलते, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही जे विकताय ते "फोटो" आहे तोपर्यंत कॉपी होणारच, कारण कॉपीतही तोच फोटो मिळतो. आंद्रेआस गुर्स्की या जर्मन फोटोग्राफरचा ऱ्हाईन २ नावाचा फोटो आहे, नुसती नदी आणि हिरवे पट्टे, २०११ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात ४३ लाख डॉलरला गेला. इंटरनेटवर तो कोणीही बघू शकतो, सेव्ह करू शकतो, छापू पण शकतो, त्याने त्या प्रिंटच्या किमतीला काही होत नाही कारण त्या सहाच आहेत आणि कुठली कुठे आहे ते माहिती आहे.

आपण काही गुर्स्की नाही पण पद्धत तीच वापरता येते. एका फोटोच्या किती प्रिंट काढणार ते आधी ठरवा, समजा २५, सगळे साईज धरून, आणि प्रत्येकीवर पेन्सिलने ३/२५ (२५ पैकी तिसरी) असं आणि सही. लस्टर सोडा, कॉटन रॅगवर (कापसाचा जाड कागद) पिगमेंट इंकने काढा, ३०८ जीएसएमचा हानेम्यूले फोटो रॅग मुंबई-पुण्यात मिळतो, तो हातात घेतला की फ्लेक्सच्या दुकानातली कॅनव्हास कुठे आणि हे कुठे ते कोणालाही कळतं. सोबत सर्टिफिकेट, हानेम्यूलेचेच होलोग्रामवाले येतात, एकाच नंबरचे दोन होलोग्राम, एक प्रिंटच्या पाठीला, एक सर्टिफिकेटला. आणि २५ म्हणजे २५, नंतर जरा मोठ्या साईजमध्ये नवीन एडिशन काढू असला चावटपणा नको. विल्यम एगलस्टन या अमेरिकन फोटोग्राफरवर त्याच्याच एका संग्राहकाने २०१२ मध्ये यावरून केस केली होती, त्याच जुन्या फोटोंचे मोठे डिजिटल प्रिंट काढून विकले म्हणून. कोर्टाने केस काढून टाकली पण गिऱ्हाईक नाराज झालं ते झालंच.

आणि रिसॉर्टवाल्याचं म्हणाल तर तो पंधरा-वीस ओरिजिनल स्टॉलच्या भावाने कधीच घेणार नव्हता. त्याला भिंती भरायच्या होत्या. तुमच्याकडे हॉटेलसाठी वेगळा रेट होता का? इतक्या खोल्यांसाठी कॅनव्हास एवढ्याला, छपाई मी करून देतो, रेटकार्ड आणि वेबसाईटवर वापरायचे वर्षाला एवढे. हा कागद स्टॉलवर ठेवा. घेणारे घेतात हो, त्यांना माहितीच नसतं की असं काही विकत मिळतं.

---

निगेटिव्ह_काका:

ताई, साताऱ्यात २५ च प्रिंट काढल्या तर पोटाला काय खाणार तो, तिथे कॉटन रॅगचा भाव ऐकून माणूस स्टॉल सोडून पळेल. एडिशन दोन-चार खास फोटोंची ठीक आहे, बाकी लस्टरवर विकू दे की.

---

रंगरेषा_मुंबई:

@काका बरोबर, दोन्ही चालवा. फक्त एकच फोटो दोन्हीकडे नको.

---

लॅबवाला_कोल्हापूर:

एक युक्ती राहिली. कॉपी थांबवता येत नाही पण कोणाच्या प्रिंटवरून निघाली ते शोधता येतं. प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाला देताना प्रिंटमध्ये काहीतरी सूक्ष्म फरक ठेवायचा, एकाच्या प्रिंटमध्ये डाव्या कोपऱ्यातलं एक फूल खोडलेलं, दुसऱ्याच्यात दुसरं, आणि वहीत लिहून ठेवायचं. कासच्या गालिच्यात एक तेरडा कमी झाला तर कोण मोजतंय. डिजीमार्कसारखा अदृश्य वॉटरमार्क पण आहे, फोटोशॉप ४ पासून त्याचं प्लगइन यायचं, छापून परत स्कॅन केलं तरी बऱ्याचदा वाचता येतो, पण त्याला पैसे पडतात आणि तो फक्त फोटो तुमचा एवढंच सांगणार. वहीला पैसे पडत नाहीत.

---

निगेटिव्ह_काका:

फूल खोडणं मला पटत नाही. निसर्गाचा फोटो आहे, उद्या कोणी वनस्पतीवाला बघेल. क्रॉप बदला, एकाला डावीकडून दोन मिलिमीटर जास्त, दुसऱ्याला वरून. तेवढ्यानेही कळतं. आणि विकायची प्रिंट नेहमी मूळ फ्रेमपेक्षा थोडी आतच कापा, बाहेरची पट्टी फक्त तुमच्या रॉ मध्ये राहील, ती दुसरा कुठून आणणार? त्या दिवशीच्या पुढच्या-मागच्या फ्रेम पण डिलीट करू नका.

---

घाटमाथा_सातारा:

वा, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. @लॅबवाला दादा, मित्राला परत विचारलं, त्याच्या म्हणण्याप्रमाणे कडा मऊ आहेत आणि एका बाजूला उभी फिकट रेघ आहे, म्हणजे तुकड्यात स्कॅन करून जोडलेलंच दिसतंय. रेटकार्डाची प्रत मित्राने आणलीय, मूळ फोटो मेलवर मागवून घेतले. मुक्ता मॅडमनी सांगितलं तशी नोटीस काढतोय, लायसन्स फीवर मिटलं तर बरं, तो परत गिऱ्हाईक होईल ही पण आशा आहेच.

वेबसाईटवर नमुने टाकलेत ते किती पिक्सेलचे ठेवू? आणि बिलावर नक्की काय लिहू ते कोणी सांगेल का? प्रिंटच्या पाठीवर रबर स्टॅम्प मारला तर चालेल ना?

---

मुक्ता_वकील:

बिलावर एवढं पुरे: "ही विक्री फक्त या एका छापील प्रतीची आहे. छायाचित्राचा कॉपीराईट छायाचित्रकाराकडे राहील. स्कॅन, फोटो किंवा इतर कोणत्याही प्रकारे प्रती काढणे, जाहिरातीत किंवा इंटरनेटवर वापरणे यासाठी लेखी परवानगी आवश्यक." खाली ग्राहकाची सही, दुसरी प्रत तुमच्याकडे. हे नसलं तरी कायदा तुमच्याच बाजूने आहे, पण मला माहिती नव्हतं म्हणायची सोय राहत नाही. यूपीआयचा व्यवहार असेल तरी बिल द्या.

---

लॅबवाला_कोल्हापूर:

नमुने लांब बाजूला ८००-१००० पिक्सेल ठेवा. ३०० डीपीआयला १००० पिक्सेल म्हणजे जेमतेम सव्वातीन इंच. आजकाल एआयने मोठे करतात, पण कासची फुलं मोठी करायला गेलं की त्याची कोबी होते. राईट क्लिक बंद करायच्या भानगडीत पडू नका, स्क्रीनशॉट कोण अडवणार. वॉटरमार्क टाकायचा तर सगळ्या फोटोंवर एकच लोगो जसाच्या तसा टाकू नका, तसे शंभर फोटो मिळाले की सॉफ्टवेअर लोगो वेगळा ओळखून काढून टाकतं, गूगलच्याच लोकांनी २०१७ ला करून दाखवलंय. नुसती जागा बदलून भागत नाही, प्रत्येक फोटोत लोगोच जरासा वेडावाकडा करत चला.

रबर स्टॅम्प लस्टरच्या पाठीवर मारू नका! तो प्लास्टिक कोटेड पेपर असतो, साधी शाई वाळत नाही आणि गठ्ठ्यात खालच्या प्रिंटच्या तोंडावर उमटते. बॉलपेनने दाबून लिहिलं तर पुढून उठतं. परमनंट पिगमेंट पेनने हलक्या हाताने लिहा, दहा मिनिटं वाळू द्या, किंवा ॲसिड फ्री लेबल छापून चिकटवा, त्यावर नंबर, तारीख, गिऱ्हाइकाचं नाव. पेन्सिल फक्त कॉटन रॅगवर, लस्टरवर ती उमटतच नाही. यूव्ही पेनने गुपचूप खूण करायची असेल तर ती पण रॅगवरच, पण ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसायला घालतात ते रसायन) नसलेला रॅग बघून घ्या, साधा फोटो पेपर यूव्हीखाली स्वतःच निळा चमकतो, त्यात तुमची खूण दिसणार नाही.